‘किडनी गेली’ : बालकांतील लिंफोमा आणि एका क्रियापदाचा अर्थ

वारणानगरच्या पेठेत असो वा कोल्हापुरातील रुग्णालयाच्या ओसरीवर असो, मूत्रपिंडांचे कार्य थांबले की मराठी भाषक ‘किडनी गेली’ असे म्हणतो. येथे ‘जाणे’ या क्रियापदाचा अर्थ तपासून पाहणे अगत्याचे आहे. ‘वीज गेली’ असे म्हणताना ती परत येईल हे गृहीत असते. ‘डोळा गेला’, ‘पाय गेला’ असे म्हणताना मात्र आशा संपलेली असते. अवयवाच्या संबंधात हे क्रियापद कायमची हानी सुचविते. ‘निकामी’ या वृत्तपत्री शब्दाचा ध्वनीही तोच. बालकांच्या एका व्याधीत मात्र ही शब्दयोजना वस्तुस्थितीस सोडून आहे.

ती व्याधी म्हणजे लिंफोमा, अर्थात लसीका-संस्थेतील पांढऱ्या पेशींचा कर्करोग. त्याचा सर्वांत शीघ्रगती प्रकार बर्किट लिंफोमा होय. डेनिस बर्किट या शल्यविशारदाने युगांडातील बालकांच्या जबड्यांतील या गाठींचे वर्णन १९५८ साली प्रसिद्ध केले. इतरत्र ही गाठ बहुधा पोटात आढळते आणि एक-दोन दिवसांत तिच्या पेशी दुप्पट होऊ शकतात.

मूत्रपिंडांवर तिचा आघात तीन प्रकारे होतो. कर्कपेशी मूत्रपिंडांतच शिरतात. पोटातील गाठ मूत्रवाहिन्या दाबून मूत्राची वाट अडविते. किंवा पेशी एकाच वेळी मोठ्या संख्येने फुटून त्यांतील पोटॅशियम, फॉस्फेट व यूरिक आम्ल रक्तात उतरते. यूरिक आम्लाचे स्फटिक मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांत साचतात. हा तिसरा प्रकार औषधोपचाराच्या पहिल्या काही दिवसांत विशेष संभवतो. म्हणजे गाठ विरघळते तेव्हाच मूत्रपिंडे संकटात येतात. निदानापूर्वी केवळ सूज उतरावी म्हणून दिलेले स्टिरॉइडही यास निमित्त होऊ शकते.

तथापि या तिन्ही प्रकारांत मूळ दोष मूत्रपिंडांचा नसतो. म्हणूनच शिरेतून भरपूर द्रव, यूरिक आम्ल बनू न देणारे अ‍ॅलोप्युरिनॉल, बनलेले आम्ल विद्राव्य करणारे रासब्युरिकेज आणि गरज पडल्यास काही दिवसांचे डायलिसिस, यांच्या आधाराने कर्करोगावरील औषधे सौम्य प्रमाणात सुरू करता येतात. गाठ ओसरली की मूत्रपिंडे बहुधा पुन्हा कार्य करू लागतात. सुसज्ज केंद्रांत बर्किट लिंफोमाची दहांपैकी सुमारे नऊ मुले बरी होतात.

येथे शब्दाचे मोल कळते. पोट फुगलेले, लघवी मंदावलेले मूल घेऊन वारणाकाठचा पालक कोल्हापूर गाठतो. पुढे कदाचित १९४१ पासून कार्यरत असलेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय गाठावे लागते. ‘किडनी गेली’ हे शब्द त्यास माघारी वळविण्यास पुरेसे ठरू शकतात. याउलट, ‘मूत्रपिंडांचे काम थांबले आहे, ते पुन्हा सुरू होऊ शकेल’ हे वाक्य शास्त्रदृष्ट्या अधिक अचूक आहे. या व्याधीत विलंब दिवसांत मोजावयाचा असतो. यास्तव क्रियापदाची निवड हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.