मुक्त सॉफ्टवेअरच्या कारागिराचा मासिक अहवाल

सोसायट्यांच्या किर्दी-खतावण्या आतां कागदावरून संगणकावर जात आहेत. केंद्र सरकारनें जून २०२२ मध्यें ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांचें दप्तर संगणकावर आणण्याची योजना मंजूर केली. डिजिटल सहीचा सातबारा उतारा तर त्याच्याहि आधींपासून घरबसल्या मिळूं लागला आहे. दप्तर जेथें जातें तेथें दप्तर राखणाराहि असतो. वहीच्या काळीं तो कोण हें सभासदांस ठाऊक असे. संगणकाच्या पोटांत तो कोण, काय करितो व त्याचें काम कोण तपासतो, याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाहीं. या कारागिरांत एक वर्ग असा आहे कीं, तो आपल्या कामाचा हिशेब दरमहा उघड्यावर मांडतो व तो कोणासहि वाचावयास मिळतो. त्या हिशेबांत काय असतें व तो कसा वाचावा, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

संगणक आपण होऊन कांहीं करीत नाहीं. त्यास ज्या लेखी सूचना द्याव्या लागतात त्यांस सॉफ्टवेअर म्हणतात, आणि माणसास वाचतां येईल असें त्यांचें जें मूळ लिखाण, त्यास त्या धंद्यांत सोर्स कोड हें नांव आहे. पुष्कळ कंपन्या मूळ लिखाण तिजोरींत ठेवून केवळ यंत्रास कळणारा तयार माल गिऱ्हाइकास देतात. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं याच्या उलट मार्ग धरला. घेणाऱ्यास सॉफ्टवेअर चालविण्याची, वाचून पाहून बदलण्याची, दुसऱ्यास प्रत देण्याची आणि बदललेली प्रत वाटण्याचीहि मोकळीक असावी, असें त्यांचें म्हणणें. १९८९ सालीं त्यांनीं जो परवाना प्रसिद्ध केला त्यांत अशी अट आहे कीं, ज्यानें सुधारलेला माल दुसऱ्यास दिला त्यानें मूळ लिखाणहि त्याच मोकळिकीनें दिलें पाहिजे. शेतकऱ्यास ही गोष्ट परकी वाटूं नये. घरच्या वाणाचें बीं राखावें, पेरावें, शेजाऱ्यास पायलीभर द्यावें, ही आपली जुनी चाल. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानेंहि, छाप मारून बीं विकण्याची मनाई ठेवून, तिला मान्यता दिली आहे. मात्र मुक्त म्हणजे फुकट नव्हे. बीं उसनवार मिळालें तरी पाणी धरणाऱ्याची मजुरी चुकत नाहीं, आणि आमच्या या लेखाचा विषय ती मजुरीच आहे.

उदाहरणादाखल डेबियन हें नांव घेऊं. इयन मर्डॉक यांनीं १९९३ सालीं सुरू केलेला हा संगणकाच्या मूळ व्यवस्थेचा संच आहे. सुमारें एक हजार कारागीर, निरनिराळ्या देशांत राहून, बहुतेक बिनपगारी, तो जोपासतात. २०२३ सालच्या आवृत्तींत ६४,००० हून अधिक पॅकेजें, म्हणजे निरनिराळ्या कामांचे तयार सूचनासंच, होतीं. साधारणपणें दोन वर्षांनीं नवी आवृत्ति निघते, व तिची डागडुजी तीन वर्षें मूळ मंडळी पाहतात. परंतु मोठमोठीं कार्यालयें दर तीन वर्षांनीं घर मोडून नवें बांधावयास तयार नसतात. म्हणून २०१४ पासून आणखी दोन वर्षें जुन्या आवृत्तीची राखण करण्याची सोय झाली. जुनें काम करावयास हौशी माणूस सहसा पुढें येत नाहीं, हें सर्वत्रच दिसतें. विहीर खणण्यास गांव जमतो, गाळ काढण्यास जमत नाहीं. तेव्हां फ्रेक्सियन नांवाची एक फ्रेंच कंपनी ज्यांस गरज आहे अशा संस्थांकडून वर्गणी गोळा करिते व कारागिरांस तासांच्या हिशेबानें मोबदला देते. मोबदला घेणाऱ्यानें महिनाअखेर आपल्या कामाचा अहवाल जाहीर करावयाचा, अशी त्यांत अट आहे.

आतां अहवालांत काय असतें तें पाहूं. प्रथम तासांचा जमाखर्च येतो: या महिन्यांत किती तास नेमून मिळाले, मागील किती शिल्लक होते, किती खर्ची पडले, किती पुढें ओढले किंवा परत केले. त्यानंतर कोणत्या पॅकेजावर काय केलें याच्या नोंदी. सुरक्षेच्या प्रत्येक दोषास जगभर एकच क्रमांक देण्याची पद्धति आहे, व त्या क्रमांकानेंच दोष ओळखला जातो. नोंद दिसावयास दोन ओळींची असते, आणि अनोळखी वाचकास वाटतें कीं दोन ओळींस इतके तास कसे लागले! कारण असें कीं, दोष प्रथम नव्या आवृत्तींत सांपडतो व दुरुस्तीहि नव्यासाठींच लिहिलेली असते. जुन्या आवृत्तींत तो भाग वेगळ्या रीतीनें बांधलेला असतो. नव्या पंपाचा भाग जुन्या पंपास तसाच बसत नाहीं. आटे जुळवावे लागतात, आणि जुळवितांना दुसरीकडून गळती लागूं द्यावयाची नसते. म्हणून कारागिरास आधीं पाहावें लागतें कीं दोष जुन्यांत मुळीं आहे कीं नाहीं. असल्यास दुरुस्ती जुळवावयाची, पॅकेज नव्यानें बांधावयाचें, चांचण्या घ्यावयाच्या, मग तें सर्वांसाठीं खुलें करून सूचनापत्र काढावयाचें.

कित्येकदां एवढा शोध करून निष्कर्ष निघतो तो हा कीं, जुन्या आवृत्तीस हा दोष लागूच नाहीं. तेव्हां अहवालांत तेवढेंच लिहिलें जातें. महसुलाच्या कामांत ज्यांनीं पत्रकें भरलीं आहेत त्यांस "निरंक" या शेऱ्याची किंमत ठाऊक असते. जागेवर जाऊन पाहून लिहिलेला निरंक व चावडींत बसून लिहिलेला निरंक कागदावर सारखेच दिसतात. आमच्या मतें अहवालाची खरी परीक्षा अशा नोंदींवरच होते. चांगला कारागीर निरंक लिहितांनाहि त्याचें कारण देतो. सदोष म्हणून सांगितलेला भाग जुन्या लिखाणांत कोठें पाहिला व तो तेथें कां नाहीं, हें तो सांगतो. महिनाभर धडपडून जें साधलें नाहीं तेंहि चांगल्या अहवालांत येतें. केवळ यशाच्या नोंदी असलेला अहवाल आम्ही जरा जपूनच वाचतों.

अहवाल लिहिणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याचें मात्र कारण नाहीं, कारण मूळ नोंदवही उघडी असते. लिनस टोरवाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें गिट नांवाचें साधन लिहिलें, व आज बहुतेक मुक्त सॉफ्टवेअर त्यांतच ठेवलें जातें. तें म्हणजे हुबेहूब आपलें फेरफार रजिस्टर होय. सातबाऱ्यावर आजची स्थिति दिसते, ती कशी आली हें फेरफारावरून कळतें. तसें येथें प्रत्येक बदलाची नोंद, कोणी केला, केव्हां केला, काय खोडलें, काय लिहिलें व कां, हें सारें राहतें. शिवाय प्रत्येक नोंदीस आंकडे व अक्षरें मिळून एक लांब खूण पडते, आणि तींत मागील नोंदीची खूण मिसळलेली असते. त्यामुळें मागची एक नोंद गुपचूप बदलली तर पुढच्या सर्व खुणा बदलतात, व ज्यांच्यापाशीं जुनी प्रत आहे त्यांस तें तत्काळ कळतें. मात्र नोंद पुसतां आली नाहीं तरी नोंद करणाऱ्याचें नांव खरें असेलच असें नव्हे. २०२४ सालीं याचा फार कटु अनुभव आला.

एक्सझेड नांवाचें, फाइली दाबून लहान करणारें एक साधन आहे. जगांतल्या असंख्य संगणकांत तें असतें, पण त्याची राखण फिनलंडचे लासे कॉलिन हे जवळजवळ एकटेच, विनामोबदला करीत होते. काम मंदावलें म्हणून लोक तक्रारी करूं लागले, तेव्हां २०२२ मध्यें त्यांनीं उत्तर दिलें कीं हें बिनपगारी, हौसेचें काम आहे. २०२१ पासून जिया टॅन या नांवानें कोणी एक मदतीस येत होता. त्यानें दोन वर्षांहून अधिक काळ सरळ, उपयोगी काम केलें, विश्वास मिळविला व अधिकारहि मिळविला. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्यानें जी आवृत्ति काढली तींत परक्याला संगणकांत चोरवाटेनें शिरतां येईल अशी तजवीज होती. युक्ति अशी कीं, चोरीचा माल चांचणीच्या निरुपद्रवी फाइली म्हणून नोंदवहींत ठेवला, पण त्यास जागा करणारी ओळ नोंदवहींत नव्हतीच. ती फक्त वाटण्यासाठीं बांधलेल्या तयार गठ्ठ्यांत होती. मूळ रजिस्टर स्वच्छ, आणि खरी नक्कल म्हणून दिलेल्या कागदांत एक ओळ जादा!

अँड्रेस फ्रॉइंड या कारागिरास दुसरेंच काम करतांना दिसलें कीं, दूरच्या संगणकांत प्रवेश घेण्यास सुमारें अर्धा सेकंद जास्त लागतो. त्यानें तो अर्धा सेकंद सोडून दिला नाहीं, माग काढला, व २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार जाहीर केला. डेबियनच्या चांचणीच्या शाखेंत तो माल शिरला होता. लोकांच्या वापरांतील पक्क्या आवृत्तींत अद्याप पोंचला नव्हता. मूळ लिखाण उघडें नसतें तर त्यास माग काढणें फार कठीण गेलें असतें, हें खरें. परंतु लिखाण उघडें असूनहि कोणी वाचीत नव्हतें, हेंहि तितकेंच खरें. त्या कामाची मजुरी देणारा कोणी नव्हता, मासिक हिशेब मागणाराहि नव्हता. तगादा लावणारे मात्र होते, आणि त्यांतले कांहीं त्या भामट्याचेच साथीदार असावेत असा दाट संशय आहे.

हें आपल्यापासून दूरचें आहे असें समजूं नये. अँड्रॉइड मोबाइलचा गाभा लिनक्स हा मुक्त सॉफ्टवेअरचाच आहे. त्याच मोबाइलवर जोडाक्षर नीट जुळून दिसतें तें हार्फबझ नांवाच्या मुक्त साधनामुळें, आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें केलेला मुक्ता हा देवनागरी टंकहि असाच खुल्या परवान्यानें दिलेला आहे.

सोसायटीनें हिशेबाचें सॉफ्टवेअर घेतांना सेक्रेटरींनीं किंमत विचारावी, पण तेवढ्यावर थांबूं नये. ज्या मुक्त पॅकेजांवर तें उभें आहे त्यांची राखण एकटा माणूस करितो कीं अनेक, त्यांस मोबदला कोठून येतो, मागील सहा महिन्यांचे अहवाल दाखवितां येतील काय, आणि उद्यां पुरवठादार बदलल्यास आपली खतावणी पूर्ण बाहेर काढून मिळेल काय, हें लेखी विचारावें. आवृत्तीचा आधार कोणत्या तारखेस संपतो हेंहि करारांत लिहून घ्यावें. डेबियनची ११ वी आवृत्ति ऑगस्ट २०२१ मध्यें निघाली व तिच्या वाढीव राखणीची मुदत ३१ ऑगस्ट २०२६ ही पूर्वींच जाहीर झाली. अशी तारीख जो पुरवठादार सांगूं शकत नाहीं, त्याच्या करारावर पंचकमिटीनें सही करण्याची घाई करूं नये.