गायिकेचे मौन आणि रसिकांचा हक्क



आवडत्या गायकाची नवी ध्वनिमुद्रिका केव्हा निघणार, यावरून रसिकांत वाद माजणे ही काही आजचीच गोष्ट नव्हे. आमच्या रावेतास पवनेच्या काठी सायंकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळीत हा विषय मधूनमधून निघतो. तरुण मंडळी म्हणतात, "वर्षानुवर्षे नवे गाणे नाही, मुलाखत नाही, कुठे राहतात, काय करतात याचा पत्ता नाही, मग आम्ही इतके प्रेम करावयाचे ते कशावर?" वृद्धांचे म्हणणे असे की, गाणे म्हणजे कारखान्यातील माल नव्हे, की पाळी सुटताच तो बाहेर पडावा. (आमच्या भागात कारखाने उदंड, तेव्हा उपमाही तीच सुचावयाची.)

या वादाचा विचार करावयाचा तर सुरश्री केसरबाई केरकर यांचे चरित्र डोळ्यांसमोर ठेवणे बरे. त्यांचा जन्म गोमंतकातील केरी या गावी १८९२ साली झाला. अब्दुल करीम खाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांपाशी थोडीथोडी तालीम झाल्यावर १९२१ पासून त्यांनी अल्लादिया खाँसाहेबांचे शिष्यत्व पत्करले, व ते खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे १९४६ पर्यंत टिकले. गायिका म्हणून नावलौकिक झाल्यानंतरही इतकी वर्षे गुरूसमोर बसणारी ही बाई मुद्रिकांच्या बाबतीत मात्र अत्यंत चिकित्सक होती. मोजक्याच तबकड्या त्यांनी दिल्या, आणि पुढे रसिकांनी कितीही वाट पाहिली तरी त्या बधल्या नाहीत.

असे का? याचे एक कारण यंत्रातच होते. त्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचेच गाणे मावे. जयपूर घराण्याचा ख्याल विलंबित त्रितालात, एकेका आवर्तनाची बांधणी करीत, सावकाश उलगडावयाचा असतो. बैठकीत एका रागास पाऊण तास सहज लागावा. तो तीन मिनिटांत बसवावयाचा म्हणजे वाड्याचा दिंडीदरवाजा दाखवून पाहुण्यास परत पाठविण्यासारखेच आहे. शिवाय दुर्मिळ राग व त्यांतील चिजा ही घराण्याची ठेव असे. एकदा ती तबकडीवर उतरली की, सुई पुनःपुन्हा मागे ठेवून कोणीही ती उचलावी! कलकत्त्यास गौहरजान यांच्या गाण्याचे मुद्रण १९०२ साली झाले. म्हणजे त्यानंतर अल्लादिया खाँसाहेब ४४ वर्षे हयात होते. तथापि त्यांच्या आवाजाची एकही मुद्रिका मागे राहिलेली नाही. शिष्येचा संकोच कोणत्या घरातून आला, हे यावरून ध्यानी येईल.

दुसरे कारण माझ्या मते अधिक खोल आहे. केसरबाई कलावंत समाजात जन्मल्या. त्या समाजातील स्त्रीचे गाणे लोकांनी मिटक्या मारीत ऐकावे आणि तिच्या घरातील गोष्टींची चर्चाही तितक्याच आवडीने करावी, अशी जुनी रीत होती. जिच्या दारावर सर्वांनी आपला हक्क मानला, तिने ते दार आतून लावून घेण्यास केवढे बळ लागले असेल! आपण केव्हा गावयाचे, कोणापुढे गावयाचे, कोणास शिकवावयाचे, हे त्यांनी स्वतः ठरविले. म्हणून त्यांचा करारीपणा मला नुसता तऱ्हेवाईकपणा वाटत नाही. १९६३-६४ च्या सुमारास, सत्तरी उलटल्यावर, त्यांनी जाहीर गायन थांबविले, आणि पुढली तेरा-चौदा वर्षे रसिकांना बैठकींच्या आठवणींवरच राहावे लागले.

विलायतेतही असेच घडले आहे. केट बुश या इंग्रज गायिकेचा एक संग्रह १९९३ साली निघाला आणि त्यानंतरचा २००५ साली! मधली बारा वर्षे वर्तमानपत्रांनी नाना तर्क लढविले. बाई आपल्या मुलास वाढवीत होत्या व सवडीने गाणी रचीत होत्या. संग्रह निघाला तो दोन तबकड्यांचा.

परंतु दुसरी बाजू मी झाकून ठेवणार नाही. मुंबई-कलकत्त्याच्या बैठकींना जाण्याची ज्यांची ऐपत होती, त्यांनी केसरबाई पोटभर ऐकल्या. खेड्यातला शिक्षक, गिरणीतला मजूर यांना तबकडीवाचून दुसरा मार्ग कोणता होता? तबकडी नाकारणे म्हणजे या माणसांनाही नाकारणे होते, आणि हे नुकसान खरे आहे. माझ्या वयाच्या माणसास त्यांची बैठक लाभणे शक्यच नव्हते. मला जी केसरबाई ठाऊक आहे ती त्या तीन-तीन मिनिटांचीच. त्यांनी तालीम दिलेल्या धोंडूताई कुलकर्णी यांच्या कंठातून ती विद्या आणखी काही काळ ऐकू आली. त्याही २०१४ मध्ये निवर्तल्या.

तरीही "तुम्ही गायलेच पाहिजे" असे म्हणण्याचा अधिकार मला या नुकसानीने मिळतो असे वाटत नाही. हळहळ वाटणे वेगळे आणि वसुलीस जाणे वेगळे. जे गाणे गायकाने आपण होऊन लोकांपुढे ठेवले, त्याविषयी बरेवाईट बोलण्यास रसिक मोकळा आहे. त्याच्या माजघरात डोकावण्याचा परवाना त्याला तिकिटाबरोबर मिळत नाही.

जे थोडे मागे राहिले, ते मात्र कुठच्या कुठे गेले पाहा. अमेरिकेने १९७७ साली व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. एक २० ऑगस्टला व दुसरे ५ सप्टेंबरला. पृथ्वीवरील निवडक संगीताचे २७ नमुने असलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी प्रत्येकात ठेवली आहे, व तीत केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान सुटल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, केसरबाई वारल्या. दोन्ही याने आता सूर्याच्या वाऱ्याच्या कक्षेबाहेर गेली आहेत. त्या भैरवीची लांबी साडेतीन मिनिटे आहे.