विज्ञानकथेतली शस्त्रं : पुंगळीची बाजू

शून्यावकाशात रायफल झाडली तर सैनिक किती वेगाने मागे जाईल, त्याचं गणित आज मांडणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण बेळगावहून एक पत्र आलं आहे. लिहिणारे गृहस्थ मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. गेल्या लेखातलं बिनपुंगळीचं काडतूस (बारुदाच्या वडीतच बसवलेली गोळी, बाहेर पितळ नाही) त्यांना फार आवडलं. फायरिंग संपलं की रेंजवर वाकून एकूण एक खोका, म्हणजे रिकामी पितळी पुंगळी, वेचायचा, मोजून जमा करायचा, एखादा कमी भरला तर सगळ्यांनी पुन्हा गवत चाळायचं, हे त्यांनी नोकरीभर केलं. त्यांचा प्रश्न असा : अवकाशातल्या फौजेने तरी हे पितळ कशाला वाहायचं?

प्रश्न रास्त आहे. इन्सास रायफलचं ५.५६ मिमीचं काडतूस सुमारे १२ ग्रॅमचं. त्यात गोळी ४ ग्रॅम, बारूद पावणेदोनच्या आसपास आणि उरलेली जवळजवळ सगळी पुंगळी. म्हणजे निम्मं ओझं अशा वस्तूचं, जी शत्रूपर्यंत जातच नाही. 'एलियन्स' (१९८६) या चित्रपटातल्या सैनिकांकडे १० मिमीची बिनपुंगळीची काडतुसं आहेत. पडद्यावरची ती रायफल मात्र थॉम्प्सन सबमशीनगनवर बेतलेली होती, त्यामुळे चित्रीकरणात आत जाणारी काडतुसं पितळीच होती.

तरीही मी पुंगळीच्या बाजूने उभा आहे. घोडा दाबल्यावर काय होतं ते जवळून पाहा. काडतुसाच्या बुडातली टोपी पेटते, बारुदाचा वायू होतो आणि पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट बसतं. वायूला मागे, सैनिकाच्या तोंडाकडे यायला वाटच उरत नाही. गोळी नळीबाहेर पडून दाब उतरला की तेच पितळ आक्रसतं आणि भिंत सोडतं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, एवढ्या साध्या मिश्रणाची ही करामत. मग पुंगळी बाहेर उडते ती उष्णता सोबत घेऊन. पुढचं काडतूस आत येतं तेव्हाही त्याच्या बारुदाला तापलेल्या पोलादाचा थेट स्पर्श होत नाही.

जर्मनांची बिनपुंगळीची रायफल, जी-११, नेमकी इथेच अडली. उघडा बारूद चेंबरच्या उष्णतेने आपोआप पेटू लागला. जास्त तापमानाला पेटणारा नवा बारूद तयार करावा लागला आणि त्यात वर्षं गेली. तो जमेपर्यंत १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले, पैसा दुसरीकडे वळला, आणि जर्मन सैन्याने पुढे पितळी पुंगळीचीच जी-३६ घेतली.

आता अवकाश. बारुदात ऑक्सिजन देणारा घटक असतोच, त्यामुळे बंदूक तिथेही चालते. सोव्हिएत संघाने १९७५ साली साल्युत-३ या स्थानकावरची तोफ कक्षेत असताना झाडून पाहिली होती. खरी पंचाईत थंड होण्याची. आमच्या बंगळूरात मारतहळ्ळीला इस्रोच्या केंद्रात उपग्रह प्रचंड निर्वात कक्षात ठेवून तापवतात, गोठवतात. त्यामागचं एक मोठं कारण हेच : वर हवा नाही, त्यामुळे उष्णता बाहेर टाकायला प्रारणाखेरीज मार्ग नाही.

ढोबळ हिशेब करू. नळी अर्धा मीटर लांब, दोन सेंटिमीटर जाड आणि २०० अंश सेल्सिअसला तापलेली. ती सेकंदाला फार तर ८० ज्यूल उष्णता बाहेर टाकेल. एका गोळीमागे नळीत हजारेक ज्यूल शिरतात असं धरलं, तर एका गोळीची उष्णता जायला १२ सेकंद लागतील. सैनिक तर तेवढ्या वेळात अख्खं मॅगझिन रिकामं करतो. सहा ग्रॅम पितळ १०० अंशांनी तापून बाहेर पडलं तर जवळपास सव्वादोनशे ज्यूल त्याच्याबरोबर जातात. जिथे वारा नाही तिथे ही बचत सोन्याच्या मोलाची. पृथ्वीवर जी-११ला जे जड गेलं, ते चंद्रावर अधिकच जड जाईल.

शिवाय फौजेचं काडतूस म्हणजे एखाद्या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत केलेला एकच नमुना नव्हे. खडकीच्या १८६९ पासूनच्या दारूगोळा कारखान्यात किंवा वरणगावला काडतुसं प्रचंड संख्येने, एकसारखी निघावी लागतात, आणि कोकणातल्या पावसात, सियाचीनच्या थंडीत, ट्रकमधून आपटत जाऊनही पहिल्या ठोक्याला उडावी लागतात. उघड्या बारुदाच्या वडीला हे कोण शिकवणार? अमेरिकेने २०२२ साली नव्या रायफलसाठी ६.८ मिमीचं काडतूस निवडलं, तेव्हा पुंगळी काढून टाकली नाही. उलट जास्त दाब सोसावा म्हणून तिचं बूड पोलादाचं केलं.

बेळगावच्या वाचकांना माझं उत्तर असं, की मंगळावरच्या रेंजवरही कुणीतरी खोके वेचत असणारच. मराठीत विज्ञानकथा लिहिणाऱ्यांना एक विनंती : पुंगळी जरूर काढा, पण तिची कामं कोण करणार ते आधी ठरवा. वायू कोण अडवतं, उष्णता कुठे जाते, बारूद कोण जपतं, या तीन प्रश्नांची उत्तरं असतील तर तुमची रायफल वाचकाला पटेल. धक्क्याचं गणित पुढच्या आठवड्यात.