भंगारातला एसएमपीएस

घरी छोटं ड्रिल किंवा सीएनसी यंत्र जोडायला घेतलं की पैसे मोटरवरच संपतात आणि वीज कुठून द्यायची हा प्रश्न उरतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे त्याला वीज पुरवणारा डबा. २४ पिनांच्या प्लगमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की आतला पंखा फिरू लागतो. पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट मिळतात, लालवर ५. डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३००हून जास्त व्होल्ट काही काळ राहू शकतात.

लेबलवरचा वॉटचा मोठा आकडा सोडा, १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते बघा. डीसी मोटर फिरू लागली की स्वतःच उलटा व्होल्टेज तयार करते आणि करंटला आवर बसतो. सुरुवातीच्या क्षणी तो आवर नसतो, म्हणून ती कित्येक पट करंट ओढते. एसएमपीएसला ते शॉर्टसर्किट वाटतं नि तो बंद पडतो. मोटर बिघडली समजून लोक ती बदलतात, याचं फार वाईट वाटतं.

स्टेपर मोटर वेगात पळवायची तर १२ व्होल्ट कमी पडतात, कारण कॉइलमध्ये करंट चढायला वेळ लागतो. तिथे मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळणारा, जाळीदार पत्र्याचा २४ व्होल्टचा सप्लाय घ्यावा.