फॉरमॅट मारण्याआधी

संगणक मंदावला की घरात, दुकानात, सोसायटीच्या ऑफिसात एकच सल्ला ऐकू येतो: फॉरमॅट मारून टाका. दहा-बारा वर्षांच्या डेस्कटॉपवर विंडोज नव्याने टाकणं अवघड नाही. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि थोडा धीर असला तर ते घरीही जमतं. पण या कामाबद्दल जे समज रूढ झालेत, त्यांपायी लोकांचे वर्षानुवर्षांचे फोटो आणि हिशेब जातात, नाहीतर धडधाकट यंत्र भंगारात निघतं.

सगळ्यात महागात पडणारा समज असा: ‘माझं सगळं डी ड्राइव्हवर आहे, सीवर नुसतं विंडोज आहे.’ आपल्याकडे संगणक जोडून देणारा डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतो, त्यातून हा समज आला. प्रत्यक्षात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डाउनलोड्स ही चारही फोल्डर सी ड्राइव्हच्या ‘यूजर्स’ फोल्डरमध्ये असतात. समोर पडद्यावर ठेवलेली लग्नपत्रिकेची फाइल सीवरच असते. टॅलीप्राइम टाकताना जागा बदलली नसेल तर दुकानाचा हिशेबही सीवरच, ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’ फोल्डरमध्ये जमा होत असतो. म्हणून आधी ‘यूजर्स’ उघडा, घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं फोल्डर तपासा आणि सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवा. सीवरून डीवर कॉपी करून ठेवणं म्हणजे बॅकअप नव्हे, कारण बहुतेक वेळा ते एकाच डिस्कचे दोन तुकडे असतात.

आणखी एक धोका ऐन वेळी समोर येतो. विंडोज टाकताना ‘कुठे टाकायचं’ असं विचारणाऱ्या पडद्यावर सी आणि डी ही अक्षरं दिसतच नाहीत. तिथे ‘ड्राइव्ह ० पार्टिशन २’ अशा ओळी असतात, आणि पुढे जीबीचे आकडे. कोणता भाग किती जीबीचा, हे आधी कागदावर लिहून ठेवलं नसेल तर पुढचं सगळं अंदाजावर चालतं, आणि इथे अंदाज चुकला की डी ड्राइव्ह पुसला जातो. संगणकात दोन डिस्क असतील तर वीज बंद करून डेटाच्या डिस्कची केबल काढून ठेवावी. जी डिस्क जोडलेलीच नाही, ती चुकून पुसली जाणार नाही.

मराठीत लिहिणाऱ्यांचा तोटा होतो तो वेगळ्याच ठिकाणी. ‘फाइल कॉपी झाली, म्हणजे मजकूर वाचला’ हे युनिकोडमध्ये टाइप केलेल्या मजकुराला लागू आहे. पण श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइलींत देवनागरी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात आणि त्यांना ‘क’, ‘ख’चं रूप देतो तो फॉन्ट. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसला की संस्थेच्या वीस वर्षांच्या इतिवृत्तांऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. फाइल बिघडलेली नसते, पण ते ठाऊक नसल्याने लोक ती डिलीट करून टाकतात. त्यामुळे ‘विंडोज’ फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ फोल्डर आधी उतरवून ठेवा. त्या सॉफ्टवेअरची सीडी किंवा डाँगल असेल तर तेही शोधून ठेवा. सवडीने ते लेखन कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये आणलं तर उत्तमच. विंडोज १० टाकल्यावर युनिकोडवाल्यांनाही एक धक्का बसू शकतो: मंगल हा फॉन्ट मूळ संचात नसतो, पूरक फॉन्ट म्हणून वेगळा घ्यावा लागतो. मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये दिसतो, पण पानांची मांडणी हलते.

आता वेगाबद्दल. ‘फॉरमॅट मारला की संगणक नव्यासारखा पळतो’ हे अर्धंच खरं आहे. नको ते प्रोग्राम साचले असतील तर फरक पडतो. पण टास्क मॅनेजर उघडून पाहा. काहीही चालू नसताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांना चिकटून राहत असेल, तर दुखणं बहुधा फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. क्रिस्टल डिस्क इन्फोसारखं मोफत साधन डिस्कची तब्येत सांगतं. ते सावधानतेचा इशारा देत असेल तर विंडोज टाकण्याच्या भानगडीत पडू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तासभर लिहीत राहिलं तर उरलासुरला डेटाही जातो. आधी तो वाचवा. माझं मत स्पष्ट आहे: जुन्या डेस्कटॉपवर पैसे खर्च करायचे तर साध्या साटा एसएसडीवर करावेत आणि विंडोज तिच्यावर टाकावं. गेल्या पंधरा वर्षांतल्या जवळपास प्रत्येक मदरबोर्डला ती जोडता येते. जुनी डिस्क मग पुसावीच लागत नाही. बाजूला काढून ठेवली की तोच तुमचा बॅकअप.

‘प्रॉडक्ट की हरवली, आता विंडोज परत विकत घ्यायचं किंवा क्रॅक टाकायचं.’ दोन्हींची गरज नाही. विंडोज १० एकदा रीतसर सक्रिय झालं असेल, तर त्या परवान्याची नोंद मायक्रोसॉफ्टकडे मदरबोर्डशी जोडलेली असते. की विचारली जाईल तिथे ‘माझ्याकडे नाही’ हा पर्याय निवडा. होम होतं तर होम आणि प्रो होतं तर प्रोच टाका. इंटरनेट जोडलं की विंडोज आपोआप सक्रिय होतं. मदरबोर्ड बदलला असेल तर मात्र अडचण येते. क्रॅकच्या वाटेला जाऊ नका. अँटिव्हायरस बंद करायला सांगणाऱ्या फाइलच्या पोटात काय आहे, हे कोणीच तपासून देत नाही.

फॉरमॅट मारला की व्हायरस जातो, हाही असाच एक समज. सी ड्राइव्ह पुसला तरी डीवरच्या फाइलींत आणि पेन ड्राइव्हवर तो राहू शकतो. नवं विंडोज सुरू झाल्यावर आधी ते सगळं स्कॅन करा, मगच फाइली उघडा.

‘विंडोज १० बंद झालं, जुना संगणक बाद’ हा सध्याचा मोठा गैरसमज. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे नियमित सुरक्षा अपडेट थांबले, संगणक थांबला नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव अपडेटची नोंदणी ठेवलेली आहे. पण अपडेटविना वर्षानुवर्षं चालवणं योग्य नाही. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. संगणकांच्या जाळ्यात पसरायला त्याने विंडोजमधलं जे भोक वापरलं, ते बुजवणारा अपडेट मार्चमध्येच आलेला होता. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० लागतं आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो, त्यामुळे २०१७ च्या आधीचे डेस्कटॉप बाहेर राहतात. त्यांच्यासाठी लिनक्स मिंट आहे. ते पेन ड्राइव्हवरून नुसतं चालवून बघता येतं, डिस्कला हात न लावता. ब्राउझर, पत्रं, तक्ते, व्हिडिओ, इन्स्क्रिप्टमधलं मराठी टायपिंग, सगळं त्यात होतं. टॅली आणि श्रीलिपी मात्र विंडोजसाठी बनलेली आहेत. ज्यांचं पोट त्यांवर आहे, त्यांनी लिनक्सच्या भरवशावर विंडोज पुसू नये.

आणि एवढं सगळं करूनही वेबसाइट उघडताना सुरक्षेचा इशारा येत असेल, अपडेट अडत असतील, तर विंडोजला दोष देण्याआधी कोपऱ्यातली तारीख पाहा. संगणक बंद केल्यावर ती दरवेळी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला आहे. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो.