‘गाडी घेतली’ या वाक्याचे तीन अर्थ : जुन्या मोटारीची रोख खरेदी

मराठीत ‘घेणे’ या एकाच क्रियापदाला हाती धरणे, स्वीकारणे आणि विकत घेणे असे निरनिराळे अर्थ आहेत. ‘त्याने जीप घेतली’ असे म्हटले की पैसे दिले गेले, गाडी ताब्यात आली आणि ती त्याच्या नावावर झाली, या तिन्ही गोष्टी ऐकणारा गृहीत धरतो. किरकोळ वस्तूंच्या बाबतीत हे गृहीत सहसा चुकत नाही. भाजी घेणाऱ्याचे पैसे, ताबा आणि स्वामित्व एकाच क्षणी बदलतात. मोटारीच्या बाबतीत मात्र कायद्याने या तीन घटना एकमेकींपासून अलग केल्या आहेत. जुनी, संग्रहणीय मोटार एखाद्या खाजगी गृहस्थाकडून रोख रकमेने घेतली जाते तेव्हा या तिहींमधील अंतर विशेष जाणवते. भाषेने एकत्र केलेले आणि कायद्याने निराळे ठेवलेले असे जे काही आहे, त्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

बुलढाणा जिल्हा हे या विषयासाठी सोयीचे क्षेत्र आहे. खामगाव, मलकापूर, शेगाव ही कापसाच्या व्यापाराने वाढलेली गावे. येथील व्यवहाराला रोखीची सवय जुनी आहे. परंतु रोखीच्या व्यवहाराला तिऱ्हाइताची साक्ष हवी, ही जाणीवही वऱ्हाडात तितकीच जुनी आहे. कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. माल मोजणारा, भाव नोंदविणारा आणि तंटा मिटविणारा कोणीतरी घेणाऱ्या-देणाऱ्याखेरीज निराळा असावा, हे त्या व्यवस्थेचे सार होते. एका गृहस्थाने दुसऱ्या गृहस्थाला घरच्या अंगणात मोटार विकली तर तेथे असा तिसरा कोणी नसतो. ती उणीव कागदाने भरून काढावी लागते.

येथे रोख व्यवहारातील शब्दसंपत्ती उद्बोधक ठरते. ‘नगद’ हा शब्द अरबी ‘नक्द’वरून आला आहे. ‘बयाणा’ याच्या मुळाशी ‘विक्री’ या अर्थाचा अरबी शब्द आहे. इसार किंवा विसार हेही त्याच अर्थाचे शब्द. ‘पावती’ हा शब्द मात्र ‘पावणे’ या क्रियापदावरून मराठीतच सिद्ध झाला आहे. ‘रक्कम पावली’ या वाक्यात कर्ता रक्कम आहे. ती कोणी दिली हे वाक्य सांगत नाही, ती कोणाकडे पोचली हे सांगते. म्हणूनच ‘मी दिले’ हे घेणाऱ्याचे विधान कितीही खरे असले तरी ती पावती नव्हे. ‘मला पावले’ हे विकणाऱ्याचे विधानच पावती होय. धनादेशाने पैसे दिले असता बँकेची नोंद दोघांच्याही वतीने बोलते. नोटांना अशी वाचा नसते. पाचशेच्या चारशे नोटा हातातून हातात गेल्या की त्या कोणत्या गाडीसाठी, कोणत्या दिवशी आणि कोणत्या बोलीवर गेल्या, याची खूण त्यांच्यावर उरत नाही. रोखीचा दोष असलाच तर तो अप्रामाणिकपणाचा नसून विस्मरणाचा आहे.

चारशे नोटांचे हे उदाहरण योजण्यास आणखी एक कारण आहे. १ एप्रिल २०१७ पासून १९६१ च्या आयकर अधिनियमात २६९ एसटी हे कलम लागू झाले. एका व्यक्तीकडून एका दिवसात, अथवा एकाच व्यवहारापोटी, अथवा एकाच प्रसंगानिमित्त दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास त्याने मनाई केली. उल्लंघन झाल्यास स्वीकारलेल्या रकमेइतका दंड ठरविला. २०२५ च्या आयकर अधिनियमाने जुन्या अधिनियमाची जागा घेतली, तरी हा निर्बंध नव्या व्यवस्थेतही ठेवण्यात आला आहे. यातील दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. दंड देणाऱ्यावर नव्हे, तर घेणाऱ्यावर, म्हणजे गाडी विकणाऱ्यावर पडतो. शिवाय एकाच गाडीच्या किमतीचे आज इसार, पुढल्या आठवड्यात उरलेले, असे तुकडे पाडल्याने व्यवहार अनेक होत नाहीत. तो एकच राहतो. तात्पर्य, दोन लाखांखालील किंमत रोखीने देता येते. किंमत त्याहून मोठी असेल तर ती बँकेच्या मार्गाने देणेच विक्रेत्याच्या हिताचे आहे.

आता ‘मालक’ या शब्दाकडे वळावयाचे. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमानुसार विशिष्ट, तयार वस्तूची बिनशर्त विक्री ठरली की वस्तूचे स्वामित्व सामान्यतः त्याच वेळी घेणाऱ्याकडे जाते. पैसे वा ताबा मागाहून दिला तरी त्याला बाध येत नाही. उलट १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या व्याख्येप्रमाणे सर्वसाधारणपणे ज्याच्या नावे वाहनाची नोंद आहे तो मालक. एकच शब्द, परंतु पहिला अर्थ घेणारा आणि देणारा यांच्या परस्परसंबंधाचा, तर दुसरा जगाशी असलेल्या संबंधाचा आहे. या भेदाचा परिणाम केवळ शाब्दिक नाही. नोंद न बदलता एकापाठोपाठ अनेकांच्या हाती गेलेल्या एका मोटारीने अपघात केला, त्या प्रकरणी फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच ठेवली. गाडी विकून ज्याने पैसे मोजून घेतले होते आणि मनातून ती विसरूनही टाकली होती, तो कायद्याच्या दृष्टीने अद्याप मालकच होता.

हा धोका टाळण्याचा मार्ग त्याच अधिनियमाच्या पन्नासाव्या कलमात आहे. एकाच राज्यातील विक्रीत विकणाऱ्याने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास विक्री कळवावयाची असते, तर घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंद आपल्या नावे करून मागावयाची असते. यासाठी अनुक्रमे २९ व ३० क्रमांकाचे नमुने आहेत. व्यवहारात बहुधा असे होते की विकणारा कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते पुस्तकासह घेणाऱ्याच्या स्वाधीन करतो आणि निश्चिंत होतो. तारीख व घेणाऱ्याचे नाव नसलेली अशी सही जबाबदारीतून मुक्त करीत नाही. तिचा उपयोग कोणी, केव्हा व कोणाच्या नावे करावा हे मात्र परक्याच्या मर्जीवर सोडते.

घेणाऱ्यापुढील मुख्य अडचण निराळी आहे आणि तिचेही मूळ भाषेत सापडते. खामगावातील एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांच्या काळातील फियाट ११०० उभी आहे आणि मलकापूरचा एक गृहस्थ ती पाहावयास आला आहे, असे समजू. ‘ही आमचीच गाडी’ असे नातू सांगतो. मराठीतील ‘आमची’ या शब्दात बोलणाऱ्यासह इतर किती जण येतात, हे व्याकरण सांगत नाही. पुस्तकात नाव दिवंगत आजोबांचे असेल, तर त्या ‘आमची’मध्ये काका, आत्या, चुलतभाऊ हे सगळे असू शकतात. एकट्या नातवाच्या हाती रोख रक्कम ठेवली तर इतर वारसांचा हक्क त्यामुळे आपोआप संपत नाही. म्हणून आधी ३१ क्रमांकाच्या नमुन्याने वारसाच्या नावे नोंद व्हावी, इतर वारसांची लेखी संमती मिळावी आणि मगच पैसे द्यावेत, हा क्रम श्रेयस्कर.

जुन्या गाडीचे पुस्तक वाचणे हेही एक संशोधनच असते. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्यप्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. साहजिकच १९५५ सालच्या गाडीच्या कागदांवर आजच्या एमएच २८ या जिल्हाक्रमांकाची अपेक्षा करता येत नाही. अशा वेळी वाहनाची खरी ओळख त्याच्या साट्यावर आणि इंजिनावर कोरलेल्या क्रमांकांवरून पटवावयाची. ते क्रमांक पुस्तकाशी जुळले पाहिजेत. खाजगी मोटारीची नोंद १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा ती जिवंत आहे काय, आणि पुस्तकावर एखाद्या कर्जाच्या तारणाचा शेरा उरला आहे काय, हेही पाहावे. पहिल्या नोंदणीस ५० वर्षे झालेल्या व मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांसाठी २०२१ च्या नियमांनी ‘विंटेज’ हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला असून त्यांच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती इत्यादी कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वा धंद्याच्या उपयोगासाठी नव्हे. ज्याला गाडी रोज चालवावयाची आहे त्याने हा भेद किंमत ठरविण्यापूर्वीच जाणून घ्यावा.

या सर्व विवेचनानंतर चांगली पावती कोणती हे सांगणे सोपे होते. विकणाऱ्याने ती आपल्या नावाने लिहावी. तीत घेणाऱ्याचे नाव व पत्ता, गाडीचा नोंदणी क्रमांक, साट्याचा व इंजिनाचा क्रमांक, अंकी व अक्षरी रक्कम, आधी दिलेला इसार आणि पूर्ण किंमत पावल्याचे विधान असावे. गाडी स्वाधीन केल्याची तारीखच नव्हे, तर वेळही नोंदवावी. कारण त्याच दिवशी अपघात घडल्यास सकाळ आणि संध्याकाळ यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. रक्कम ५,००० रुपयांहून अधिक असल्यास एक रुपयाचे महसुली तिकीट लावावे. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि एकेक प्रत दोघांनी ठेवावी. पैसे शक्यतो बँकेतच मोजावेत. तेथे नोटा पारखल्या जातात आणि विकणाऱ्याने त्या लगेच खात्यात भरल्या तर रोखीलाही साक्षीदार मिळतो. भरलेले व सही केलेले नमुने त्याच दिवशी पुरे करावेत आणि विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज घेणाऱ्याने १४ दिवसांत द्यावा.

पैसे देणे, ताबा देणे आणि नोंद करणे या तीन क्रिया अशा रीतीने एकाच दिवसाच्या कागदांत बांधल्या गेल्या, म्हणजे ‘गाडी घेतली’ या वाक्याचे तिन्ही अर्थ पुन्हा एकत्र येऊ लागतात. नोंदणी कार्यालयाने पुस्तकातील नाव बदलले की ते वाक्य पूर्ण अर्थाने खरे होते. तोवर घेणाऱ्याने ‘गाडी आणली’ असे म्हणावे, हे अधिक बिनचूक.