औषधाचाही मेळ जुळवावा

बँकेतील नोकरीची सारी वर्षे एक नियम पाळला. नोंद करणारा एक, ती तपासणारा दुसरा. या नियमाचे खरे मोल मात्र निवृत्तीनंतर, थोरल्या बंधूंच्या आजारपणात उमगले.

पिंपळगाव राजा येथील आमच्या दादांना तीव्र जंतुसंसर्ग झाला. खामगावी उपचार सुरू झाले. पण रक्तदाब सावरेना. छत्रपती संभाजीनगरपर्यंत रस्त्याने आणि चिकलठाणा विमानतळावरून हवाई रुग्णवाहिकेने मुंबईस नेण्याचे ठरले. त्यांचा रक्तदाब नॉरॲड्रेनॅलिन या औषधावर तगून होता आणि ते औषध उशाशी असलेल्या एका लहानशा पेटीतून, म्हणजे सिरिंज पंपातून, चालले होते.

या पंपात औषध भरलेली सिरिंज आडवी बसवतात. मोटार तिचा दट्ट्या अत्यंत सावकाश पुढे ढकलते. 50 मिलिलिटर द्रावणात 4 मिलिग्रॅम औषध असेल, तर दर मिलिलिटरमध्ये 80 मायक्रोग्रॅम येते. वेग ताशी 5 मिलिलिटर ठेवला, तर रुग्णास मिनिटाला सुमारे 6.7 मायक्रोग्रॅम मिळते. चुकून 50 टाकले, तर दसपट! उलट पंप थांबला, तर एक-दोन मिनिटांतच औषधाचा परिणाम ओसरू लागतो.

चिखली ओलांडली आणि पंप वाजू लागला. बॅटरी संपत आली होती. रात्रभर वायर भिंतीच्या सॉकेटमध्ये होती. बटण मात्र बंदच राहिले होते. सोबतच्या सिस्टरांनी चार्ज केलेला दुसरा पंप व भरलेली सिरिंज आधीच तयार ठेवली होती. त्यांनी औषधाचे नाव, प्रमाण आणि वेग मोठ्याने वाचला. डॉक्टरांनी तो पडद्यावर पाहून पुन्हा उच्चारला आणि मगच जोडणी केली. मला बँकेतील दुसरी सही आठवली.

विमानतळावर हवाई पथकाने सारे पुन्हा तपासले. सिरिंजचा आकार व बनावट पंपात निवडलेलीच आहे ना? ती चुकली, तर पडद्यावरील आकडा बरोबर दिसूनही मात्रा चुकते. दट्ट्या खाचेत घट्ट बसला आहे ना? नळी दुमडली तर सूचना वाजते ना? सिरिंज बसवल्यावर थोडे औषध नळीतून बाहेर सोडून पोकळी भरून घ्यावी लागते. नाहीतर मंद वेगात रुग्णापर्यंत औषध पोहोचण्यास विलंब होतो. पंप रुग्णाच्या हृदयाच्या पातळीवर बांधला. तो एकदम उचलला, तर औषधाची जादा मात्रा आत जाऊ शकते. खाली नेला, तर प्रवाह क्षणभर मंदावतो.

आकाशात आणखी एक गोष्ट असते. विमानाच्या कक्षातील हवेचा दाब साधारण 8000 फूट उंचीवरील दाबाइतका उतरू शकतो. तेव्हा सिरिंजमधील हवेचा बुडबुडा सुमारे एकतृतीयांशाने फुगतो आणि औषधाला आगाऊ धक्का देतो; उतरताना आकसतो. म्हणून उड्डाणापूर्वी बुडबुडे काढणे हा केवळ नीटनेटकेपणा नव्हे.

हवाई सेवा सर्वांना परवडणारी नाही. पण हीच तपासणी रस्त्यावरील रुग्णवाहिकेतही हवी. 2014 मध्ये महाराष्ट्रात 108 क्रमांकाची सेवा 937 रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी 233 प्रगत उपचारांच्या होत्या. आपल्या गावांतील गंभीर रुग्णांचा प्रवास बहुधा अशाच वाहनांतून होतो.

आप्तांनी पंपाच्या बटणांना हात लावू नये. निघण्यापूर्वी चार प्रश्न मात्र नम्रपणे विचारावेत: बॅटरी किती वेळ चालेल? दुसरा पंप आहे का? पुढची सिरिंज तयार आहे का? वेग दोघांनी पाहिला का? प्रवासास लागणाऱ्या वेळेहून अधिक पुरेल इतके औषध व बॅटरी असावी. रेल्वे फाटक किंवा बिघडलेला रस्ता आपल्या वेळापत्रकाने चालत नाही.

दादा आज घरी आहेत. बँकेत चुकलेला आकडा दुसऱ्या दिवशी उलट नोंदीने सुधारता येई. इथे ती सवलत नाही; म्हणून दुसरी सही आधीच व्हावी.